गर्दी टाळून

माझं काम ट्रकांना वाट आखून देण्याचं. शीतगृहातून निघालेला माल, म्हणजे भाज्या, लोणी, कधी औषधं, कुठल्या रस्त्यानं गेला तर वेळेत आणि गार पोचेल, हे मी ठरवते. लोकांना वाटतं, त्यात काय मोठं, जवळचा रस्ता धरायचा. पण जवळचा रस्ता सगळ्यांनाच माहीत असतो. शाळा कधी सुटतात, कुठल्या कारखान्याची पाळी कधी बदलते, कुठला पूल दुरुस्तीला काढलाय, हे सगळं माझ्या डोक्यात घोळत असतं. घरी नवरा म्हणतो, ही बाई स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायलासुद्धा वळसा घालून येते.

त्या सुट्टीत बाबांना माझ्या धाकट्या बहिणीकडे पोचवायचं होतं. बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. धाकटीचं घर बैठं, मागे मोकळं अंगण, आणि बाबांना रोज थोडं थोडं चालवायचं होतं. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, पण तोंड वाकडं करूनच. "गाडी चालती राहिली तर ठीक," ते म्हणाले. "थांबत, धक्के खात गेलात तर त्यांना सोसणार नाही. निघताना इंजेक्शन देतो. त्याचा असर उतरायच्या आत पोचा."

अडचण एवढीच होती की तो सुट्टीचा पहिला दिवस होता. त्या दिवशी अख्खं शहर बाहेर पडतं. मोठा रस्ता टोलनाक्यापासून डोंगरापर्यंत तुंबतो आणि दुपारपर्यंत हलत नाही. आमच्या ऑफिसात आम्ही त्या दिवशी एकही ट्रक सोडत नाही. पण नवऱ्याला आणि धाकटीला दोघांनाही तोच एक दिवस मोकळा होता.

आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर नकाशा उघडून बसले. मोठा रस्ता बाद. नदीकडचा रस्ता धरला तर पुलावर एकेरी वाहतूक. उरला डोंगरामागचा जुना रस्ता. मोठा रस्ता व्हायच्या आधी सगळे त्यानंच जायचे. लांबीला थोडा जास्त, पण गावं नाहीत, चौक नाहीत, नाके नाहीत. कागदावर बघितलं तर याच्यासारखा रस्ता नाही. फक्त तो या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल दिसत होता. गर्द लाल. म्हणजे गाड्या जवळजवळ उभ्याच.

तो कायमच तसा दिसायचा, सकाळी बघा, दुपारी बघा. इतक्या वर्षांत आम्हाला त्याची सवय झाली होती.

नकाशाचं काम बघणारा सहकारी शेजारीच डबा खात होता. त्याला आम्ही नकाशेवालाच म्हणायचो.

"हा रस्ता सदान्‌कदा लाल का रे असतो?" मी विचारलं.

"चूक आहे ती. मी दोनदा कळवलं वर. कुणी दखल घेत नाही."

"पण चूक होते कशी?"

"अगं, लाल रंग येतो कुठून? लोकांच्या खिशातले फोन हळूहळू सरकायला लागले, की नकाशाला वाटतं गर्दी आहे. तिथे फोन हळू सरकताहेत, बस."

"कुणाचे?"

तो हसला. "तेच तर म्हणतोय मी. तिथून कुणी जातच नाही."

खाली गाड्या उभ्या असतात तिथे जाऊन मी पैलवानाला गाठलं. पैलवान म्हणजे आमचा सगळ्यात जुना ट्रकचालक, काडीसारखा बारीक, म्हणून ते नाव. तो एकदा रिकामा ट्रक घेऊन त्या रस्त्यानं आला होता.

"एक गाडी नाही ताई," तो म्हणाला. "कुत्रंसुद्धा आडवं आलं नाही."

"रस्ता कसा आहे?"

"रस्ता झकास."

"मग परत का गेला नाहीस?"

त्यानं हातातलं फडकं एकदा झटकलं. "वेळ फार लागतो हो."

"रिकामा असून?"

"रिकामा असून," तो म्हणाला आणि ट्रकची काच पुसायला लागला. ती स्वच्छच होती.

मी हिशेब केला. रस्ता चांगला आहे. नकाशा चुकतोय. नकाशा लाल दाखवतो म्हणून सगळे तो टाळतात, आणि टाळतात म्हणून तो रिकामा आहे. माझ्या धंद्यात असं घबाड रोज हाती लागत नाही. घरी आल्यावर मी नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो बाबांच्या उशांना अभ्रे घालत होता.

"म्हणजे लाल रस्त्यानं जायचं?"

"लाल आहे म्हणूनच."

"तुझ्या डोक्याचा पत्ताच लागत नाही मला," तो म्हणाला. पण त्यानं ऐकलं. रस्त्याच्या बाबतीत तो माझं ऐकतो. तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो; त्याचं म्हणणं, आपापलं क्षेत्र आपण सांभाळावं.

बाबा पलंगावरून म्हणाले, "माझी लेक सगळ्या जगाला चकवून नेणार मला. बघच तू."

सकाळी इंजेक्शन देऊन झालं. मागच्या सीटवर उशा रचून बाबांना अर्धवट आडवं केलं, पायांखाली घडी केलेली रजई ठेवली. नवरा गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी. शहर ओलांडून जुन्या कौलांच्या कारखान्यापाशी फाटा फुटतो. तिथून मोठ्या रस्त्यावरची रांग दिसत होती, टपांवर ऊन चमकत होतं, काही लोक गाडीतून उतरून कमरेवर हात ठेवून पुढे बघत होते. नवऱ्यानं डावीकडे वळण घेतलं आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. आमच्या मागे कुणीच वळलं नाही.

रस्ता खरोखरच झकास होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कमरेएवढं गवत. गवत हलत नव्हतं. काचा खाली केल्या तर वाऱ्याऐवजी नुसती ऊब आत यायची. मैलाच्या दगडांवरची अक्षरं पुसून गेली होती. माझी नजर सवयीनं रस्त्याच्या पृष्ठभागावर गेली, आणि पहिल्यांदा काहीतरी खटकलं. दोन चाकोऱ्यांच्या मधोमध तेलाचा काळा पट्टा होता. थेंबाला थेंब लागून बनलेला, ओला, न तुटणारा. असा पट्टा सिग्नलपाशी असतो, नाक्यापाशी असतो. चालत्या गाडीचं तेल असं गळत नाही. गाड्या उभ्या राहतात तिथेच ते साठतं.

असेल जुना, म्हटलं.

थोड्या वेळानं बाबा म्हणाले, "मागचा जरा फारच चिकटून चाललाय."

मी मान वळवून पाहिलं. मागच्या काचेतून रस्ता दिसत होता, सरळ, मोकळा, पार वळणापर्यंत.

"कोण, बाबा?"

"तो काय. घाई झालेली दिसतेय." त्यांनी हातानं मागे खूण केली, सावकाश, सावकाश.

इंजेक्शनानं गुंगी येईल असं डॉक्टर म्हणाले होते. मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली आणि पुढे वळले. गाडीचा वेग कमी झाला होता. पुढे वळण होतं, म्हणून असेल. वळण सरलं तरी वेग वाढला नाही. मग नवऱ्यानं आणखी खालचा गिअर टाकला.

"वा," तो म्हणाला. "काय रस्ता काढलास."

मला वाटलं खरंच कौतुक करतोय. "बघ की. सांगत नव्हते?"

त्यानं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. मग हॉर्न वाजवला, एकदा, तुटक, वैतागून. समोर कुणीही नव्हतं.

"कशाला वाजवतोस?"

"झोपलाय की काय तो पुढे. केवढी जागा सोडलीय."

मी हसले. त्याला असली चेष्टा जमते. गंभीर तोंड करून दहा-दहा मिनिटं ओढतो तो. पण त्याच्या कपाळावर घाम होता, आणि डावा पाय क्लचवर जात-येत होता, एकसारखा, गर्दीत चालवणाऱ्या माणसाचा जातो तसा. गाडी चार हात सरकायची, थांबायची. पुन्हा चार हात.

"पुरे आता," मी म्हटलं. "बाबांना धक्के बसताहेत."

"मग काय करू? उडवून नेऊ वरून?" तो एकदम तडकला. "तू म्हणालीस रिकामा असेल. मी विश्वास ठेवला. मागेही जाता येत नाही आता, बघ तरी!"

मी बघितलं. मागे बघितलं, पुढे बघितलं. ऊन, डांबर, गवत. एका खड्ड्यात साचलेलं पाणी चमकत होतं आणि त्यावर एक तरंगसुद्धा नव्हता.

"तुला काय दिसतंय?" मी हळूच विचारलं.

"म्हणजे?"

"समोर काय दिसतंय, सांग."

त्यानं आधी मला बघितलं, मग माझे डोळे बघितले, दुकानात गिऱ्हाइकाचे बघतो तसे. त्याला माझीच काळजी वाटत होती.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटी होती. "ताई, कुठपर्यंत आलात? वरण-भात करून ठेवू की—" ती मधेच थांबली. "अगं, किती हॉर्न ते! मोठ्या रस्त्यानंच आलात ना शेवटी? तुझा आवाजसुद्धा ऐकू येत नाहीये नीट."

गाडीच्या काचा उघड्या होत्या. बाहेर पानसुद्धा वाजत नव्हतं. मी तिला म्हटलं, नंतर करते.

मी दार उघडून खाली उतरले. माझ्या कामात खात्री करून घेतल्याशिवाय काही मानायचं नसतं. रस्त्याच्या मधोमध, त्या काळ्या पट्ट्यावरून मी चालत पुढे गेले. पहिल्यांदा वास आला, डिझेलचा, तापलेल्या रबराचा. मग पोटऱ्यांना ऊब लागली. बराच वेळ चाललेल्या इंजिनापाशी उभं राहिलं की लागते तशी. चार पावलांवर ती गेली. आणखी काही पावलांवर पुन्हा आली. मग पुन्हा गेली.

"अगं, सांभाळ! दार उघडतोय तो!" मागून नवरा ओरडला.

मी झटकन अंग चोरून बाजूला झाले. का झाले, ते सांगता येणार नाही. माझ्या कानाजवळून हवेचा एक झोत गेला, आणि आदळल्यासारखा एक मऊ आवाज. मी पळत येऊन गाडीत बसले.

बाबा काचेतून बाहेर मान काढून कुणाशी तरी बोलत होते. बाबांचा जन्म पोस्टाच्या खिडकीत गेला. कुठेही बसले तरी शेजारच्याची चौकशी केल्याशिवाय त्यांना राहवत नाही. ते बोलत होते, थांबून ऐकत होते, मान डोलवत होते.

"पाण्याची बाटली दे गं," ते मला म्हणाले. "या बाईंची मुलगी केव्हाची तहानलीय."

मी बाटली दिली. नाही कशी देणार? त्यांनी ती खिडकीबाहेर धरली. हात परत आत आला तेव्हा रिकामा होता.

मी दाराबाहेर पाहिलं. रस्त्यावर बाटली नव्हती. खाली वाकून गाडीखाली पाहिलं. गवताच्या कडेला पाहिलं. नव्हती.

"बाबा," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला कुणा दुसऱ्याचा वाटला, "त्यांना विचारा, केव्हापासून अडकलेत."

बाबांनी विचारलं. ऐकलं. "म्हणतात, आता होईलच मोकळं. पुढच्यांनी तसं सांगितलंय."

"आणि इथे आल्या कशा?"

"कुणीतरी म्हणे सांगितलं त्यांना. मोठा रस्ता टाळा, तिकडे फार गर्दी आहे." बाबा हसले. "सगळे शहाणेच भेटलेत इथे."

त्यांचा चेहरा निवांत होता. ऑपरेशन झाल्यापासून मी त्यांना इतकं निवांत पाहिलं नव्हतं. ओठांभोवतीची आवळलेली रेघ सुटली होती.

"पाठ कशी आहे?"

"पाठ?" त्यांनी जरा आठवल्यासारखं केलं. "काही नाही गं पाठीला. छान आहे."

ऊन कललं होतं. इंजेक्शनाचा असर केव्हाच उतरायला हवा होता. मी त्यांचा हात हातात घेतला. बाहेर भाजून काढणारं ऊन होतं आणि तो हात शीतगृहातून काढल्यासारखा गार होता.

नवऱ्यानं इंजिन बंद केलं. सीट मागे टाकली, चप्पल काढली, पाय मोकळे केले. "आता काय घाई आहे," तो म्हणाला. मघाचा राग कुठल्या कुठे गेला होता. "हलेल तेव्हा हलेल. सगळ्यांचं होईल ते आपलं." आणि त्यानं डोळे मिटले.

मी तोवर घाबरले नव्हते. तेव्हा घाबरले.

"ऊठ," मी म्हटलं. "इकडे येऊन बस. मी चालवते."

"चालवून काय करणार? जागा कुठाय?"

"ऊठ म्हणते ना!"

तो नाइलाजानं उतरला. दार त्यानं थोडंसंच उघडलं आणि त्या फटीतून कसाबसा बाहेर पडला. मग पोट आत घेऊन, हात डोक्यावर धरून, पाठ गाडीला घासत तिरका तिरका सरकत तो पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आला. एके ठिकाणी थांबून "माफ करा हं" म्हणाला. मोकळ्या रस्त्यावर, भर उन्हात, माझा नवरा असा चालत होता. मी आतल्या आत सरकून स्टिअरिंगमागे बसले. पट्टा लावला. त्यालाही लावायला लावला.

मी गाडी सुरू केली. माझ्यासमोर रस्ता होता. रिकामा, चांगला, सरळ रस्ता. मला जे दिसत होतं, ते मी धरून ठेवलं.

"थांब," नवरा म्हणाला. "अगं, लागेल. लागेल त्याला! थांब!"

मी क्लच सोडला.

मला धक्का बसला नाही. हे मी नंतर दोघांनाही पुन्हा पुन्हा सांगितलं. कसलाही धक्का नाही, आवाज नाही. चाकांखाली नुसतं डांबर. माझा पट्टा छातीवर सैल पडला होता. शेजारी नवऱ्याचा पट्टा खाडकन आवळला, तो पुढे फेकला गेला आणि मागे आदळला. पुन्हा पुढे. पुन्हा मागे.

मी दुसरा गिअर टाकला.

"माणसं आहेत!" तो किंचाळला. "उतरलेत गं सगळे, रस्त्यावर माणसं आहेत!"

त्यानं स्टिअरिंगला हात घातला. मी तो कोपरानं झटकला.

मागून बाबांचा आवाज आला. ते ओरडत नव्हते. एकेक शब्द सांगत होते, पोस्टाच्या खिडकीतून समजावून सांगायचे तसे. "ती मुलगी. अगं, ती मुलगी. हातात बाटली आहे बघ तिच्या."

तिसरा गिअर.

मी आरशात पाहिलं नाही. समोरच्या रस्त्यावरून नजर हलवली नाही. पांढरी रेघ, काळा पट्टा, गवत.

मग काळा पट्टा संपला.

एकदम. कुणी पुसून काढल्यासारखा. पुढे साधं, करडं, धुळकट डांबर होतं. एक कुत्रं आडवं गेलं. गवत हललं आणि खिडकीतून खरा वारा आत आला. मागच्या सीटवर बाबा कळवळले, पाठीतून कळ गेल्यावर माणूस कळवळतो तसे, आणि मग धाकटीच्या दारापर्यंत ते कळवळतच राहिले. तो आवाज ऐकून मी रडले. मला बरं वाटत होतं.

धाकटी दारातच उभी होती. संध्याकाळचं ऊन अजून अंगणात होतं. तिनं आणि तिच्या शेजाऱ्यानं मिळून बाबांना आत नेलं. बाबा तिच्या हातून पाणी प्यायले, त्यांनी गोळी घेतली. मी उशी द्यायला पुढे झाले तेव्हा ते म्हणाले, "ती घालेल," आणि भिंतीकडे बघू लागले.

नवऱ्यानं न्हाणीघरात सदरा काढला. खांद्यापासून कमरेपर्यंत पट्ट्याचा जांभळा वळ उठला होता. एकावर एक उमटलेले कितीतरी वळ.

"मला काहीच दिसलं नाही रे," मी दारातून म्हटलं. "खरंच. रस्ता रिकामा होता."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. तो हात धूत होता, बराच वेळ. "तू आरशात पाहिलंस का?"

"नाही."

"मी पाहिलं."

काय, ते मी आजवर विचारलेलं नाही. तसा तो माझ्याशी नीट वागतो. पण गाडी त्यानं पुन्हा चालवली नाही, आणि मी चालवत असले तर तो बसत नाही. दुकानात बसनं जातो. बाबा आता काठी घेऊन अंगणाला दोन फेऱ्या मारतात. फोनवर माझी चौकशी करतात, पोस्टात आलेल्या माणसाची करावी तशी, अदबीनं. मी भेटायला येऊ का म्हटलं की "कशाला त्रास घेतेस" म्हणतात.

त्यांना न सांगताच गेल्या आठवड्यात मी निघाले. एकटी, आणि मोठ्या रस्त्यानं. वाट आखली नाही, वेळ बघितली नाही. जो काही वेळ लागायचा तो लागू दे, म्हटलं. टोलनाक्याच्या बऱ्याच अलीकडे रांग लागली. तीनही पट्ट्यांत गाड्याच गाड्या. हॉर्न वाजत होते, एका गाडीत गाणी लागली होती, कुणीतरी कुणावर तरी खेकसत होतं. मला त्या गलक्यात फार सुरक्षित वाटलं. मी इंजिन बंद केलं आणि मागे टेकून बसले.

पुढची गाडी थोडी डावीकडे सरकली.

मग तिच्या पुढची. मधल्या पट्ट्यातली एक उजवीकडे झाली, तिच्यामागोमाग दुसरी. कडेला जागा नव्हती तरी ती मातीत उतरली. हॉर्न एकेक करून थांबले. गाणी थांबली. माझ्यासमोर, नाक्यापर्यंत, मधोमध वाट मोकळी होत गेली.

मी मागे पाहिलं. मागून कुणी येत नव्हतं. वाट माझ्यासाठीच होती; मी क्लच सोडला की काय होतं, हे जणू सगळ्यांना माहीत होतं.

मी गाडी सुरू केली आणि सावकाश त्यातून निघाले. दोन्ही बाजूंना चालकांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवलं होतं आणि सगळे समोर बघत होते. माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही. काचा वर जात होत्या.

नाक्याजवळ, रांगेच्या तोंडाशी, एक रुग्णवाहिकाही कडेला होऊन उभी होती. तिचा दिवा फिरत होता, आत कुणीतरी कुणाच्या तरी छातीवर वाकलेलं होतं. मी जवळ आले तसा तिनं सायरन बंद केला.